पहिला ड्रेस घरी शिवायचाय? आधी कापड बघू

शिवणाचे प्रश्न पाठवा असं मागच्या वेळी लिहिलं आणि बरीच पत्रं आली, त्यातली निम्मी तर एकाच गोष्टीची, पहिला ड्रेस शिवायचाय, कापड कुठलं घेऊ आणि सुरुवात कुठून करू. म्हणून सांगलीच्या पत्राला जरा लांबलचक उत्तर दिलंय, बाकीच्यांनी त्यातून आपापल्या कामाचं उचला.

ताई, मी २६ वर्षांची आहे. आत्तापर्यंत फक्त उशीचे अभ्रे शिवलेत. आईचं जुनं पायमशीन आहे, चालू आहे. उन्हाळ्यासाठी गुडघ्याखाली येणारा ए-लाइन ड्रेस शिवायचाय, कोपराच्या वर बाही. सेलमध्ये फुलाफुलांचं जॉर्जेट मिळालं म्हणून दोन मीटर घेऊन ठेवलंय, फारच सुंदर आहे. त्याचाच करू का? की दुसरं कापड घेऊ, आणि किती घेऊ? व्हिडिओत प्रत्येकजण वेगळंच सांगतो. — सांगलीहून एक वाचक

जॉर्जेट छान घडी घालून कपाटात ठेव. फेकू नकोस, पुढे कधीतरी त्याचा दुपट्टा होईल किंवा तिसरा-चौथा ड्रेस होईल, पण पहिला नाही. जॉर्जेटच्या धाग्याला खूप पीळ दिलेला असतो, म्हणून तर ते एवढं छान पडतं, पण त्याच कारणाने टेबलावर अंथरलं की सरकतं, खडूची रेघ सरळ ओढली तरी कात्री लागेपर्यंत कापड हललेलं असतं, वर ते पारदर्शक म्हणजे अस्तर आलं, म्हणजे एका ड्रेसऐवजी दोन ड्रेस शिवणं झालं. नवशिक्याला हे कशाला? आणि तुझं जॉर्जेट ४४ इंच पन्ह्याचं, म्हणजे रुंदीचं, असेल तर दोन मीटरमध्ये हा ड्रेस बाह्यांसकट बसतही नाही, हिशोब खाली दिलाय तो बघ.

पहिल्या ड्रेसला सुती कापड घे, मागावर विणलेलं, न ताणणारं, मध्यम जाडीचं. पॉपलिन किंवा कॅम्ब्रिक. दुकानात ही दोन नावं घेतलीस की पुरे. दोन्ही कापडं जागच्या जागी बसतात, नखाने दाबलं तरी घडी पडते, इस्त्री ऐकतात, उसवून परत शिवलं तरी भोकं दिसत नाहीत. आणि उसवावं लागणारच आहे ना. ब्लाउजचं टू बाय टू रुबियापण चालेल पण त्यात प्रिंट फारसं मिळत नाही आणि ड्रेसला ते जरा पातळ पडतं. मलमल नको, अंगाला कितीही गार वाटली तरी ती मशीनच्या दातांत ओढली जाते. रेयॉन आजकाल सगळीकडे आहे, कुर्त्यांना तेच वापरतात, पडतंही सुंदर, पण कापताना ते जॉर्जेटचंच लहान भावंड आहे, म्हणून दुसऱ्या ड्रेसला घे. लिनन महाग. होजिअरी, लायक्रा वगैरे ताणणारं काहीही तुझ्या पायमशीनवर नको, सरळ टीप ताणली की तुटते.

प्रिंट घेताना चेक्स आणि मोठे पट्टे टाळ. ते बाजूच्या शिवणीत जुळवायचे म्हणजे कापडही जास्त लागतं आणि डोकंही. एकाच दिशेने उभी असलेली फुलं, मोर, हत्ती असलं काही असेल तर पुढचा आणि मागचा भाग एकाच दिशेने कापावा लागतो, नाहीतर पाठीवर हत्ती उलटे होतात. बारीक, सगळीकडे विखुरलेली फुलं सगळ्यात उत्तम, वाकडी टीप त्यात लपून जाते (हे दुकानदार सांगत नाही).

आता किती घ्यायचं. इथेच सगळे अडकतात कारण पन्हा विचारत नाहीत. सुती कापड बहुतेक वेळा ४४ इंच पन्ह्यात असतं, काही ५८ मध्ये, खादी-हातमाग ३६ मध्येही असतं. धर तुझी छाती ३६ इंच आहे आणि ड्रेसची उंची ४२. उंचीला खाली दुमडायला दोन इंच आणि खांद्याला अर्धा इंच माया (शिवणीत जाणारं जास्तीचं कापड), म्हणजे साडेचव्वेचाळीस. ए-लाइन खाली पसरत जातो म्हणून ४४ पन्ह्यात पुढचा आणि मागचा भाग शेजारी-शेजारी बसत नाही, एकाखाली एक घ्यावा लागतो, झाले ८९ इंच. बाही दुमडण आणि माया धरून १२ इंच, दोन्ही बाह्या पन्ह्यात शेजारी बसतात. एकूण १०१ इंच. मीटर म्हणजे जवळपास साडेएकोणचाळीस इंच, तर हे झालं अडीच मीटरच्या थोडं वर. त्यात आटायचे पाच टक्के घाल. पावणेतीन मीटर माग. ५८ पन्हा मिळाला आणि घेर माफक ठेवलास तर दोन्ही भाग शेजारी बसतात, मग दीड मीटरमध्ये जेमतेम होतं, तू पावणेदोन घे. खिसे हवे असतील तर अजून थोडं, आणि खिसे हवेतच, घरी शिवायचं एक मोठं सुख तेच आहे.

दुकानात अजून एक बोलायचं, 'फाडून द्या'. पॉपलिन सरळ धाग्यावर फाटतं. घाईत कात्री मारली की बऱ्याचदा तिरकं जातं आणि कडेला दोन-तीन इंच वाया जातात, ते तुझ्याच पैशातले. मुंबईच्या मंगलदास मार्केटात किंवा नागपूरच्या गांधीबागेत गेलीस तर ढिगाने कापड दिसेल आणि डोळे फिरतील, पण पॉपलिन-कॅम्ब्रिक तर तुझ्या गावातल्या साध्या मॅचिंग सेंटरमध्येही मिळतं, आणि इचलकरंजी तुझ्या शेजारीच की, अख्खं गाव यंत्रमागावर उभं आहे.

घरी आणल्यावर कापू नकोस. आधी बादलीत रात्रभर भिजव, न पिळता वाळत घाल, किंचित ओलं असताना इस्त्री कर. मागावर उभे धागे ताणून धरलेले असतात, पाणी लागलं की ते सैल होऊन आखूड होतात, म्हणून कापड लांबीला जास्त आटतं आणि पन्ह्याला कमी. ४२ इंची ड्रेस पाच टक्के आटला तर दोन इंच गेले, म्हणजे गुडघ्याखालचा ड्रेस गुडघ्यावर आला. जुन्या लोकांना कापडाच्या काठावर 'सॅनफोराइज्ड' असा शिक्का आठवत असेल, अमेरिकेत सॅनफोर्ड क्लुएट नावाच्या माणसाने १९३० मध्ये त्याचं पेटंट घेतलं होतं, कारखान्यातच कापड दाबून आधीच आटवून ठेवायची ती पद्धत. तसं काही लिहिलेलं असलं तरी भिजव, रंग जातो का तेही कळतं.

माप. छाती-कंबर टेपने घेऊन कागदावर आखणी करायचे क्लास असतात, ते नंतर कर. आत्ता तुझ्याकडे अंगाला नीट बसणारा, न ताणणाऱ्या कापडाचा एखादा कुर्ता असेलच ना, टेलरकडे जो 'मापाचा' म्हणून देतो तो. तोच घे. मधोमध उभा दुमड, वर्तमानपत्रावर ठेव, कडेने पेन्सिल फिरव. मग खांदा, मुंढा (बाही जोडतो ती काखेची गोलाई) आणि बाजू यांना माया सोड. खांद्याला अर्धा इंच, मुंढ्याला अर्धा, बाजूला मात्र पूर्ण एक इंच ठेव, आपल्याकडचे टेलर ठेवतात तशी, पुढे वजन वाढलं की उसवायला जागा राहते. गळ्याला माया नको, तिथे पट्टीच लागणार आहे. मागचा आणि पुढचा भाग वेगवेगळे आखायचे, पुढचा मुंढा जरा जास्त आत खोलगट असतो, दोन्ही सारखे कापले तर पुढे काखेत चुणी येते. गळा मात्र मापाच्या कुर्त्यापेक्षा लहानच काढ, मोठा नंतर कधीही करता येतो.

पायाशी घेर हवा तेवढा वाढव पण काखेपासून सरळ रेघेत, मध्येच बाक देऊ नकोस.

कागद कापडावर ठेवताना एकच गोष्ट बघायची, ड्रेसची मधली उभी रेघ कापडाच्या काठाला समांतर. कापड हातात धरून ओढून बघ, काठाच्या दिशेने ते जवळजवळ ताणत नाही, आडवं थोडं ताणतं, आणि कोपऱ्याकडून कोपऱ्याकडे, म्हणजे उरेब, चांगलं ताणतं. काठाशी समांतर नाही ठेवलं तर शिवताना काही कळत नाही, दोन धुण्यांनंतर ड्रेस एका बाजूला पिळल्यासारखा लोंबतो आणि मग त्याला काहीच इलाज नाही. कापड वाचवायला म्हणून कागद थोडासा तिरका करायचा मोह होतो, करू नकोस. अजून भीती वाटत असेल तर आधी मांजरपाटाचा किंवा जुन्या चादरीचा एक कच्चा ड्रेस शिव, बाह्या-बिह्या नको, नुसता अंगात घालून बघण्यापुरता.

शिवायचा क्रम असा. कापल्याबरोबर गळ्याच्या कडेने एकेरी कापडावरच एक टीप मार, गोलाई उरेब असते ना, हाताळून ती पसरते. मग खांदे. मग गळ्याला उरेब पट्टी, उरेबच का तर ती वळणावर बसते, सरळ पट्टी तिथे उभी राहते. पट्टी आत वळवायच्या आधी गोलाईला छोट्या चिरा दे, टिपेपर्यंत, टिपेच्या पलीकडे नाही. मग बाही, बाजू उघडी असतानाच सपाट लावायची. मग बाहीच्या टोकापासून काखेतून खाली पायापर्यंत एकच लांब टीप, दोन्ही बाजूंना, खिसे लावायचे ते इथेच. प्रत्येक टिपेनंतर इस्त्री. कंटाळा येतो, माहितीये, पण घरचा शिवलेला आणि दुकानातला यात डोळ्याला जो फरक दिसतो तो निम्मा इस्त्रीचाच असतो. कडांचे धागे निघतात त्याला घरी इंटरलॉक मशीन नसेल तर कोपऱ्यावरच्या फॉल-पिकोवाल्याकडे दे, तुकडे कापल्यावर शिवायच्या आधी करून आणलंस तर सगळ्यात सोपं, फक्त त्याला सांग की कड कापू नको.

तळाची दुमड सगळ्यात शेवटी. ड्रेस एक रात्र हँगरला लटकवून ठेव, घेराच्या बाजू उरेब असल्यामुळे खाली ओघळतात, मग घालून, जमिनीपासून मोजून, सारखा कर आणि दुमड.

सुई १४ नंबरची नवीन लाव. आईच्या मशीनमध्ये आत्ता जी आहे ती कधीची आहे कोण जाणे.

कॉटन म्हणून दिलेलं कापड खरंच कॉटन आहे का ते कसं ओळखायचं? — नागपूरहून

कडेचे दोन-चार धागे ओढून काढा, चिमट्यात धरून सिंकवर जाळा. सुती धागा कागदासारखा जळतो, वासही कागदाचा, मागे मऊ राखाडी राख. पॉलिएस्टर जळण्याआधी आक्रसतं, वितळतं आणि टोकाला कडक काळा मणी राहतो. रेशीम केस जळल्याच्या वासाचं. मिक्स असेल तर राखेत टणक कण लागतात. फक्त रेयॉन आणि सुती यात असा फरक कळत नाही, दोन्ही मुळात झाडाचेच तंतू, तिथे धागा ओला करून तोडून बघा, रेयॉन ओलं झालं की कमजोर होतं आणि पटकन तुटतं, सूत ओलं झाल्यावर उलट घट्ट होतं. उभा आणि आडवा दोन्ही धागे तपासा हां, एक सुती आणि एक पॉलिएस्टर असं कापड भरपूर असतं.

आजीची इरकल आहे, तिचा मुलीला लांब ड्रेस शिवावा असं मनात आहे. काठ तळाला यावा अशी तिची इच्छा. कापायला हात धजत नाहीये. — बेळगावहून एक वाचक

हात धजत नाहीये ते बरंच आहे. साडी धडकी असेल तर कापूच नका, मुलीला नेसायला शिकवा, माझं मत विचाराल तर तेच. विरलेली असेल, घडीवर फाटायला लागली असेल तर मात्र जरूर करा, ट्रंकेत ठेवून ती आणखी विरणार.

आधी उजेडासमोर धरा. घडीच्या रेघांवर उजेड जास्त येत असेल तर तिथले धागे गेलेत, तो भाग वगळून कापायचा. अंगठ्यांनी दोन्हीकडे हलकंच ताणून बघा. मग रंग. ओल्या पांढऱ्या रुमालाने पदर दाबा, इरकलीच्या पदरातला लाल कधीकधी उतरतो, उतरला तर अंगाचा आणि पदराचा भाग एकत्र धुवायचा ड्रेस करू नका. आणि पदर साडीला जिथे जोडलेला असतो ना, जुन्या पद्धतीच्या इरकलीत तो जोड कोंडी घालून केलेला असतो, पदराचे आणि अंगाचे उभे धागे एकमेकांत अडकवून, तो आडवा कापला तर उसवत जाईल. जोडापासून चार बोटं लांब राहून कापा आणि तो पट्टा वेगळाच वापरा, पाठीवर किंवा बाहीला.

आता काठ तळाला. काठ सरळ असतो आणि ए-लाइनचा तळ गोल, हे दोन्ही एकत्र जमत नाही, म्हणून तो नाद सोडा. वर साधी चोळीसारखी बॉडी आणि खाली चुण्यांचा सरळ घेर असं करा, घेराचं कापड सरळ आयतच राहतं आणि काठ जसाच्या तसा तळाला येतो, दुमडही नको. साडी सहावारी असेल तर साडेपाच मीटरच्या आसपास, पन्हा साधारण पंचेचाळीस, मुलीच्या कमरेपासून पायापर्यंत साधारण तेवढंच भरतं, जास्त झालं तर वरून कापायचं, काठाकडून नाही. घेराला तीन मीटर पुरे, त्याहून जास्त चुण्या घातल्या की कंबर जाड दिसते. यात उभा धागा आडवा होतो म्हणजे वजन साडीच्या आडव्या धाग्यांवर येतं, जुन्या साडीत ते पेलवत नाही, म्हणून घेराला आणि बॉडीला दोन्हीला पातळ सुती अस्तर द्याच, आणि अस्तरही आधी भिजवा.

काही जणींनी खणाच्या ड्रेसचं विचारलंय. कर्नाटकातल्या गुळेदगुड्डचा हातमागाचा खण चोळीपुरता, लहान पन्ह्याचा असतो, त्याचा अख्खा ड्रेस म्हणजे जोडच जोड. योक (खांद्याजवळचा वेगळा तुकडा), पट्टी, खिशाचं तोंड एवढ्यालाच वापरा.

टीप खालून गुंता होते, वर सरळ दिसते. मेकॅनिक म्हणतो मशीन बदला. — लातूरहून

बदलू नका एवढ्यात. गुंता खाली दिसला तरी बहुतेक वेळा दोष वरच्या दोऱ्याचा असतो. मशीनचा पाय, म्हणजे कापड दाबून धरणारा, वर उचला, दोरा पूर्ण काढा आणि परत ओवा, पाय खाली असताना ओवला तर ताणाच्या चकत्या मिटलेल्या असतात आणि दोरा त्यांच्या मध्ये बसतच नाही. सुई बदला, तिची लांब खाच ज्या बाजूने दोरा ओवता त्या बाजूला हवी. बॉबिन केसखालची धूळ ब्रशने काढा, मशीनचं तेल एक-दोन थेंब (खोबरेल नको, ते थिजतं). शिवायला सुरुवात करताना दोन्ही दोऱ्यांची टोकं मागे धरून ठेवा. इतकं करूनही राहिलं तर मेकॅनिक बदला.

इथे म्युनिकमध्ये शिवणाच्या मासिकात पॅटर्नची घडी येते. ती उतरवून कापलं तर ड्रेस सगळीकडूनच घट्ट झाला. माझा साइज तर बरोबर होता. — म्युनिकहून

मासिकात सूचना बघा, बर्डासारख्या जर्मन मासिकांतल्या पॅटर्नच्या रेघेत शिलाईची माया पूर्वापार धरलेलीच नसते, ती आपण कापडावर आखताना सोडायची, दीड सेंटीमीटर बाजूंना आणि तळाला चारेक. अमेरिकन पाकिटातल्या पॅटर्नमध्ये ती बहुधा धरलेली असते, पाच-अष्टमांश इंच, त्यामुळे दोन्हीकडचं वापरणाऱ्यांचा हमखास गोंधळ होतो. साइजही दुकानातल्या लेबलावरून घेऊ नका, टेपने छाती मोजा आणि तक्त्यात बघा. साइजवार कागदी पॅटर्न विकायला सुरुवात झाली १८६३ मध्ये, अमेरिकेत बटरिक नावाच्या शिंप्याने केली, पण आता पॅटर्नचे आकडे आणि दुकानाचे आकडे आपापल्या वाटेने गेलेत. कापलेल्या ड्रेसला आता बाजूला दीड-दोन इंचाची उभी पट्टी घाला, विरोधी रंगाची, मुद्दाम केल्यासारखी दिसेल.

मी पुरुष आहे, हसू नका. चार वर्षांच्या मुलीला वाढदिवसाला फ्रॉक शिवून द्यायचाय. मशीन शेजारच्या काकू देतायत. जमेल का? — नाशिकहून एक बाबा

हसायचं काय त्यात, बाजारात बसलेले निम्मे शिंपी पुरुषच की. आणि लहान फ्रॉक हे ड्रेसपेक्षा सोपं काम आहे, चुकलं तरी कापड थोडंसंच.

४४ पन्ह्याचं पॉपलिन एक मीटर आणा, सव्वा आणलंत तर निवांत. तिचा एखादा बसणारा फ्रॉक कागदावर उतरवा, कमरेपर्यंतच. खाली घेराला अख्खा पन्हा आडवा घ्या, ४४ इंच, चार वर्षांच्या मुलीची कंबर एकवीस-बावीसच्या आसपास असते म्हणजे दुप्पट घेर आपोआप मिळतो. वरच्या कडेने लांब टाक्याच्या दोन समांतर टिपा मारा, टोकं मोकळी सोडा, खालचे दोन दोरे एकत्र हळूहळू ओढा, चुण्या पडतात, त्या बॉडीच्या मापाला सारख्या पसरवून टाचण्या लावा आणि मग साध्या टाक्याने शिवा. बॉडीला पातळ अस्तर द्या म्हणजे चुण्यांची शिवण अंगाला लागणार नाही. तळाला चांगली तीन इंच दुमड ठेवा, पुढच्या वर्षी खाली सोडता येईल.

गळा मात्र मोजून. या वयात डोक्याचा घेर वीस इंचाच्या आसपास असतो आणि गोल गळा तेवढा मोठा ठेवला तर खांद्यावरून घसरतो, म्हणून पाठीवर चार-पाच इंचाची फट आणि वर एक बटण. बटण घट्ट शिवा, सात-आठ वेळा दोरा फिरवून, निघालं की पोरं ते तोंडात घालतात. आणि वाढदिवस म्हणून गळ्याला जरीची लेस लावायला काकू सांगतील, लावू नका, टोचते, केक कापायच्या आधीच फ्रॉक अंगातून निघतो.